हडळीचे काम केलेली हौसा

मला लिहायची सवय नाही, चुकेल तिथे समजून घ्यावे. पण दिघाशीच्या हौसाबद्दल लिहायला हवे, कारण तिचे जे झाले त्यात माझाही हात होता.

हौसा बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायची. गावातली निम्मी पोरे तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली. त्यावरच तिचे पोट होते. २००५ साली भिवंडीच्या भावेशने गावात सीडीवरचा सिनेमा काढला, हडळीचा. लहानपणी जेवलो नाही की जिची भीती घालत, ती उलट्या पावलांची, पोरे उचलून नेणारी. ते काम करायला कुणी बाई तयार होईना. हौसा हसून म्हणाली, मी करते.

पहिला प्रसंग तिच्या अंत्ययात्रेचा होता. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते म्हणतात, म्हणून तिच्या तिरडीमागे वाटेवर मोहरी टाकतात. सगळे दाणे वेचल्याशिवाय तिला घरी परतता येत नाही, अशी समजूत. ते काम भावेशने मला दिले. जिवंत बाईमागे मोहरी टाकायला माझा हात धजेना. मी घरातून नाचणी नेली. लांबून सारखीच दिसते. कुणाला बोललो नाही.

सिनेमा देवळापुढे दाखवला. पडद्यावर हौसा पाळण्याशी वाकली तशी पोरे किंचाळली, बायांनी तान्ही छातीशी धरली. त्यानंतर तिला कुणी बाळ देईना. आधी सबबी सांगितल्या, मग दारे लावली. पोरे दगड मारू लागली. तिरडीवरून उठलेली बाई, असे तोंडावर म्हणत.

तशात माझी सून निशा बाळंत झाली. हौसा तेलाची वाटी घेऊन आली. माझी बायको जानकी दारात आडवी झाली.

"हिच्यामागं मोहरी टाकलेली हाय. ही बाळाला शिवायची न्हाय."

शेजारणी जमल्या. मी कधी चारचौघांत बोलत नाही, तेव्हा बोललो. "मोहरी नव्हती, नाचणी होती. मीच टाकली."

मला वाटले, आता मिटले. जानकी माझ्याकडे वळली.

"म्हंजे वाट मोकळीच ठेवलीत तुमी?"

शेजारणी मागे सरकल्या. एक म्हणाली, मोहरीने निदान अडली तरी असती.

हौसाने वाटी ओटीवर ठेवली. "दादा, मोहरीचं मी कसंबसं निभावलं असतं. आता काय सांगू यांना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारापासून आमच्या आळीपर्यंत मोहरी पडली होती, या वेळी खरी. आमच्या घरातला मोहरीचा डबा रिकामा होता.

हौसा दाणे तुडवत फाट्यावर गेली. दापोड्याला गोदामात झाडू मारते, असे ऐकले. बाळाला आता जानकीच न्हाऊ घालते. तिचे हात जड आहेत, बाळ फार रडते. रडले की घरात हौसालाच शिव्या पडतात.