एकविसाव्या वाढदिवसाचा आठवडा

टिफनी कोरिया लॅबमध्ये जायला लागून तीनच आठवडे झाले होते. मे महिन्याच्या सुट्टीतली दोन महिन्यांची इंटर्नशिप. वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर ती पॅथॉलॉजी लॅब होती. वसई-विरारच्या लहान हॉस्पिटलांतून तपासायला पाठवलेले मांसाचे तुकडे तिथे औषधाच्या पाण्यात बुडवून बाटल्यांमधून यायचे. बाटलीवरचं नाव फॉर्मशी ताडून पाहायचं, नंबर टाकायचा आणि डॉक्टर मॅडम मायक्रोस्कोपमध्ये बघून सांगतील तो रिपोर्ट टाईप करायचा, एवढं टिफनीचं काम. शिकवायला प्रितेश नावाचा टेक्निशियन होता. तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "नावं वाचायची, पण लक्षात नाही ठेवायची. नाहीतर डबा घशाखाली उतरणार नाही."

टिफनीचं घर वसईजवळच्या गास गावात. वडील ॲन्सेल्म यांची घरामागे मोगऱ्याची आणि केळीची वाडी. आई बेटी गावातल्या शाळेत शिक्षिका. ॲन्सेल्म हा फिरायला जाणारा माणूस नव्हताच. लग्न आणि मयत सोडलं तर तो वाडीतून बाहेर पडायचा तो बाजारात. म्हणून त्या रविवारी चर्चमधल्या मिस्सेवरून आल्यावर त्याने जे जाहीर केलं, ते ऐकून मायलेकी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"शुक्रवारी टिफनीला एकवीस पूर्ण होतील. या वर्षी एक दिवस नाही, अख्खा आठवडा. रोज संध्याकाळी ती कामावरून आली की कुठेतरी जायचं."

"काय, लॉटरी लागली काय?" बेटी म्हणाली.

"आपली वसई पोरीने धड बघितली तरी आहे का? लोक लांबून येतात बघायला."

सोमवारी तो दिवसभर घरी नव्हता. पंपाची मोटर दाखवायला विरारला गेलो होतो, म्हणाला. आवाज बसला होता. तरी संध्याकाळी तिघं वसईच्या किल्ल्यात गेली. छप्पर नसलेल्या चर्चमध्ये उभं राहून त्याने टिफनीचे वीसेक फोटो काढले. त्यातल्या निम्म्यांत तिचं डोकं कापलं गेलं होतं. बेटी हसून हसून दमली. बाहेर पडताना टिफनीने वडापाव घेतले. ॲन्सेल्मने आपला कागदात गुंडाळून खिशात ठेवला. "घरी जाऊन खातो," म्हणाला.

मंगळवारी दुपारी विरारच्या एका हॉस्पिटलातून चार बाटल्या आल्या. तिसऱ्या बाटलीवर नाव होतं ॲन्सेल्म आय. कोरिया, वय सत्तावन्न, राहणार गास. आत तांदळाच्या कण्यांएवढे पाच-सहा तुकडे. फॉर्मवर लिहिलं होतं, अन्ननलिका. तीन महिन्यांपासून घास अडकतो. खाली वेगळ्या पेनाने एक ओळ होती: पेशंट रिपोर्ट सोमवारी स्वतः घेईल, घरी फोन करू नये.

टिफनीने नाव पुन्हा वाचलं. मग जन्मतारीख वाचली. मग बाटलीवर नंबर टाकला, कारण प्रितेश शेजारी उभा होता आणि हात पुढे करून बाटली मागत होता.

तीन महिने. ती आठवू लागली. भाकरी रश्शात चुरून खायला त्याने कधी सुरुवात केली? जेवताना पाण्याचा तांब्या जवळ कधी आला? जेवणावरून मधेच उठून तो वाडीत जायचा, ते कधीपासून? आपण समोर बसून मोबाईल बघत होतो, एवढंच तिला आठवलं.

त्या संध्याकाळी कळंबच्या किनाऱ्यावर भेळ खाताना ती वडिलांच्या गळ्याकडे बघत होती. त्याने तीन घास चावून चावून खाल्ले आणि द्रोण तिच्याकडे सरकवला. "तिखट आहे," म्हणाला. भेळ गोड होती. बुधवारी तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. "उद्या मात्र अर्नाळा," तो म्हणाला. "तुला बोटीत बसायचं होतं ना लहानपणी? तेव्हा मी नेलं नाही."

गुरुवारी दुपारी डॉक्टर मॅडमनी काचपट्ट्या बघायला घेतल्या. तिसऱ्या पट्टीवर त्या बराच वेळ थांबल्या. मग एका सुरात सांगायला लागल्या आणि टिफनी टाईप करत गेली. 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा'. शेवटचा शब्द, म्हणजे कॅन्सर, तिने गेल्या तीन आठवड्यांत पंधरा-वीस वेळा टाईप केला होता. हात थांबले नाहीत.

मॅडमनी फॉर्म उलटून पाहिला. "कोरिया, गास. तूही गासचीच ना? नात्यातले कोणी?"

"आमच्याकडे कोरिया खूप आहेत, मॅडम," टिफनी म्हणाली.

मॅडमनी सही केली. टिफनीने रिपोर्ट पाकिटात घातला आणि सोमवारच्या ट्रेमध्ये ठेवला. बाथरूममध्ये जाऊन आपण रडू असं तिला वाटलं होतं. रडू आलं नाही. तोंडावर पाणी मारून ती परत येऊन पुढचा नंबर टाकायला बसली.

सांगायचं तर कसं? वडिलांनी काय ठरवलं होतं ते फॉर्मवरच लिहिलं होतं. पोरीचा वाढदिवस होऊन जाऊ दे, मग बघू. तिने आज तोंड उघडलं असतं तर त्याचा तो आठवडा तिने मोडला असता. आणि नाही उघडलं तर रोग शरीरात आणखी चार दिवस बसून राहणार. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तिने दोन्ही बाजूंनी विचार केला. मग तिने काहीच ठरवलं नाही, आणि न ठरवणं म्हणजेच गप्प बसणं झालं.

अर्नाळ्याला बेटी आली नाही. तिला बोट लागायची, शिवाय केकची तयारी करायची होती. किनाऱ्यापासून बेटावरच्या किल्ल्यापर्यंतचं अंतर थोडंसंच. बोटीत कोळणी होत्या, टोपल्या होत्या. पाणी अंगावर उडालं तसा ॲन्सेल्म लहान मुलासारखा ओरडला. टिफनीही हसली. किल्ल्याच्या तटावर दोघं बसली, तेव्हा तो म्हणाला, "तुझी नोकरी लागली की मम्मीला पण कुठेतरी ने. ती कधी बोलत नाही, पण तिला फिरायची हौस आहे. मी कधी नेलं नाही."

"तू पण येशील ना."

"वाडी कोण बघणार?"

एवढंच. नंतर तो मोगऱ्याच्या भावाबद्दल बोलत राहिला.

शुक्रवारी घर भरलं. बेटीने अननसाचा केक केला होता, डुकराच्या मटणाचं इंद्याल आणि पाव होते, शेजारपाजारची बारा-पंधरा माणसं होती. गाणं म्हणून झालं. टिफनीने पहिला तुकडा वडिलांना भरवला. अगदी लहान तोडला होता, तरी सगळ्यांसमोर त्याने तो गिळला आणि टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटांनी तो मागच्या दाराने बाहेर गेला. ती मागोमाग गेली. धुण्याच्या दगडाला टेकून तो ओणवा झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने पाठीवर हात फिरवला.

"ठसका लागला," तो म्हणाला. "आत जा, बाय. लोक आहेत."

ती आत गेली. लोकांना इंद्याल वाढलं.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास तिने काचेतून पाहिलं, समोरच्या झाडाखाली वडिलांची स्कूटर उभी होती. हॉस्पिटलने त्याला सांगितलं असणार, रिपोर्ट लॅबमधूनच घ्या. पत्त्याचा कागद हातात धरून तो दाराकडे बघत होता. ही पोरीचीच लॅब हे त्याला कळलं होतं आणि आत यायचा धीर होत नव्हता. टिफनीने ट्रेमधून पाकीट उचललं आणि बाहेर गेली.

"पप्पा, मीच टाईप केलाय."

त्याने पाकीट घेतलं, उघडलं नाही. "कधी?"

"गुरुवारी."

"अर्नाळ्याच्या आधी?"

"हो."

तो स्कूटरच्या सीटवर बसला. "मला वाटलं, तुला मजा आली बोटीत."

"आली," ती म्हणाली. ते खरंही होतं, म्हणून तिला जास्त लाज वाटली.

त्याने कागद काढला, इंग्रजी ओळींवरून बोट फिरवलं आणि तिच्याकडे दिला. "सांग." तिने रस्त्यात उभं राहून मराठीत सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "मम्मीला मी सांगतो. तुला माहीत होतं हे नको सांगू."

पण बेटीने दुसऱ्याच दिवशी रिपोर्टवरची तारीख वाचली, लॅबचं नाव वाचलं. ती आरडाओरडा करणारी बाई नव्हती. नवऱ्याला काही बोलली नाही, त्याचं आजारपण समोर होतं. मुलीला म्हणाली, "त्याचं समजू शकते मी. तू? माझ्याकडून केक करून घेतलास. मी त्याला म्हणत होते, खा रे, पोटभर खा."

मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात उपचार सुरू झाले. रेडिएशनचे शेक दिले, मग पोटात नळी बसवली. चार दिवसांनी काही फरक पडला असता का, हे टिफनीने तिथल्या डॉक्टरांना तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा ते नाही म्हणाले. तिसऱ्यांदा जरा चिडून म्हणाले. तिला ते पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. ॲन्सेल्म फेब्रुवारीत गेला. शेवटचे दोन महिने त्याला पाणीसुद्धा नळीतूनच दिलं जायचं. वाडीतला मोगरा त्या हंगामात कोणी धड खुडलाच नाही.

त्याच्या महिन्याची मिस्सा झाली त्या दुपारी बेटी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. पाठमोरीच होती. म्हणाली, "बोटीत काय बोलला तो तुझ्याशी?"

टिफनीने आठवत होतं ते सगळं सांगितलं. पाणी उडालं ते, ओरडला ते, तटावर बसून जे बोलला ते.

"फिरायची हौस आहे म्हणाला?"

"हो."

"आणखी?"

"आणखी मोगऱ्याचा भाव."

बेटीने पुसलेलं पातेलं पुन्हा पुसलं. मुलीला माफ केलं असं ती कधी म्हणालेली नाही.

आता वाडी शेजारच्या क्लेटनकडे कसायला दिली आहे. टिफनी लॅबचा कोर्स पास झाली. लॅबने बोलावलं होतं, पण तिने विरारला रक्त तपासणीच्या केंद्रात नोकरी धरली. तिथे तुकडे येत नाहीत. साखर, थायरॉईड, ताप, एवढंच येतं. सुई टोचायला हात हलका आहे, म्हणून म्हातारी माणसं तिच्याच खुर्चीसमोर थांबतात. पुढच्या मे महिन्यात बावीस पूर्ण झाली, तेव्हा तिने रजा टाकली नाही. घरी आली तर बेटीने भात आणि डाळ केली होती. दोघी जेवल्या, भांडी घासली, आणि बेटी सुट्टीतल्या शिकवणीच्या वह्या तपासायला बसली.