अधिकाचा पगार

ठाण्याच्या खाडीकाठी एका शेठजींची मिठागरं होती. तिथली कारकुनी सोडून मी कल्याणला शाळामास्तर झालो, तेव्हा अधिक महिना चालू होता. मिठागरातल्या मजुरांचा पगार तिथीने होई, म्हणून अधिक आला की त्यांना एक पगार जास्त मिळे. माझा पगार इंग्रजी महिन्याने, त्यात अधिक येणार कुठून? पण माझा हिशेब चुकता करताना म्हातारे दिवाणजी म्हणाले, "अहो, तुमचा अधिकाचा राहिलाच की!" आणि महिन्याभराचे रुपये वर ठेवले. नव्या नोकरीच्या आनंदात मी माझी अक्कल गहाण टाकली होती. नमस्कार करून निघालो.

कल्याणला घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. पैसे तसेच होते, परत करायला कितीसा वेळ? भीती होती ती दिवाणजींची. शेठजी कधी ओरडत नसत, चुकलेल्या माणसाला सरळ घरी बसवत. या वयात दिवाणजींना दुसरं कोण ठेवणार? गप्प बसावं, तर उद्या चूक उघडी पडून ओळखीच्या माणसाला पैसे चारल्याचा आळ त्यांच्यावरच यायचा. मी रात्रभर कूस बदलत राहिलो. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "इकडून दिवाणजींच्या हातात गुपचूप द्यावेत नि मोकळं व्हावं."

सकाळच्या गाडीने ठाण्याला गेलो, तो थेट दिवाणजींच्या घरी. त्यांच्या घरात अनारसे तळत होते. अधिकाचं वाण घ्यायला जावई यायचे होते. काकूंनी मलाही दोन अनारसे दिले. ते खाताना मला घाम फुटला.

दिवाणजींना ओटीवर बोलावून सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "पेढीच्या पेटीत टाका, कुणाला कळणार नाही."

"आणि जमेला काय दाखवू? चला, शेठजींना सांगू."

मी विनवण्या केल्या. ऐकतील तर ते दिवाणजी कसले! पगडी घालून निघालेसुद्धा.

पेढीवर त्यांनी स्वतःच आपली चूक सांगितली. शेठजींनी रुपये घेतले, मला "बरं केलंत" म्हणाले आणि दिवाणजींपुढे हात पसरला. "पेटीची किल्ली द्या. आता घरी आराम करा."

किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली होती. गाठ जुनी, सुटता सुटेना. मी पुढे झालो, पण त्यांनी मला हातानेच थांबवलं आणि स्वतः गाठ सोडून किल्ली शेठजींच्या हातावर ठेवली. मला स्वतःचा भयंकर राग आला.

आम्ही परत निघालो. घराच्या वळणावर दिवाणजी थांबले.

"मास्तर, जावई आठवडाभर राहतील. तोवर घरात काही बोलू नका. मी सकाळी वेळेवर बाहेर पडत जाईन."

बोलताना त्यांचा हात सवयीने जानव्यावर आता नसलेली किल्ली चाचपत होता.