कांबळे सरांचा पाच लिटरचा कॅन

आमच्या शाळेतले आम्ही पाच शिक्षक रविवारी डोंगर चढायला जातो. डोंगर मोजकेच झाले, पण पाणी कशात न्यायचं यावरून इतके वाद झाले की आता गडांची नावं कुणाला आठवत नाहीत, बाटल्या आठवतात.

चित्रकलेचे माने सर तांब्याच्या बाटलीचे भक्त. "तांब्यातलं पाणी पित्त मारतंय," हे ठरलेलं वाक्य. एकदा त्यांनी त्या बाटलीत आदल्या दिवशीच लिंबूसरबत भरून ठेवलं. अर्ध्या चढावर सर झुडपामागं गेले ते पंधरा मिनिटं आलेच नाहीत. पित्त गेलं, सोबत सकाळी खाल्लेली मिसळही गेली.

हेडसरांनी ऑनलाइन मागवली पाठीवरची पिशवी. खांद्यावरून नळी येते, ती तोंडात धरून पाणी ओढायचं. नृसिंहवाडीला दर्शनाच्या रांगेत एका आजींनी त्यांना बघितलं आणि काळजीनं म्हणाल्या, "पावणं, सलाईन लावून कशाला फिरताय? बसा की जरा."

तेव्हापासून हेडसर तांब्या नेतात.

विज्ञानाचे कांबळे सर सगळ्यांसाठी म्हणून पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन वाहून आणतात. इतिहासाचे पाटील सर त्याला हात लावत नाहीत. कुणी विचारलं नसताना एकदा म्हणाले, "मी जातपात अजिबात मानत न्हाय. पर प्लास्टिकचं पाणी मला बाधतंय." त्याच दिवशी मलकापूरच्या स्टँडवर त्यांनी पाण्याची बाटली विकत घेऊन रिकामी केली. काचेची नव्हती ती.

पुढच्या रविवारी कांबळे सरांनी स्टीलची बरणी आणली. पाटील सर म्हणाले, "स्टीलला वास येतोय." मग मातीची बाटली आणली. "मातीनं घसा धरतोय." कांबळे सर शांतपणे म्हणाले, "आता सोनं तेवढं ऱ्हायलंय, सर." आणि परत प्लास्टिकवर आले.

पाटील सरांचा स्वतःचा थर्मास भारी, बर्फासारखं गार पाणी. तो कुणीही घ्यावा, तोंड लावून प्यावं, सर चकार शब्द काढत नाहीत. कांबळे सरांनी उचलला की तेवढं लगेच, "सर, वरून हां." अशा वेळी आम्ही सगळे समोरचा डोंगर फार मन लावून बघायचो. मीसुद्धा. त्याची मला लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात पन्हाळ्याच्या पुढं एका उघड्या धारेवर पाटील सरांचा थर्मास हातातून निसटला आणि खडखडत थेट दरीत गेला. अर्ध्या तासात सर मटकन खाली बसले. ओठ पांढरे पडलेले. मान्यांची बाटली संपलेली, हेडसरांचा तांब्या कधीच सांडलेला, माझीही कोरडी. पाणी होतं ते एका कॅनमध्ये.

कांबळे सरांनी झाकण काढून कॅन पुढं केला. पाटील सरांनी प्लास्टिक बघितलं नाही, आम्हाला बघितलं नाही. दोन्ही हातांनी कॅन ओढला, तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायला लागले.

कांबळे सरांनी कॅनच्या बुडाला हात दिला आणि हळूच म्हणाले, "सर, वरून हां."