बँडआप्पांनी दिलेली खालची ओळ

बँडआप्पांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. कोण कुठे श्वास घेतो, तेवढं मात्र पक्कं ध्यानात असे. खडेबाजारात कुणी बोलायला थांबलं की हे डोळे मिटून ऐकत आणि शेवटी म्हणत, "अण्णा, लई झ्याक दम हाय तुमचा!" समोरचा बिचारा मुलीच्या लग्नाचं सांगत असे.

बेळगावच्या कँपात पलटणीच्या बँडमध्ये त्यांनी उमेदीची वर्षं क्लॅरिनेट वाजवलं. नोकरी संपल्यावर स्वतःचा चिमुकला बँड काढला: क्लॅरिनेट, कॉर्नेट आणि एक भलंमोठं पितळी बाजं. वराती सांभाळून ते, मी शिकत होते त्या मुलींच्या शाळेत, गॅदरिंगची गाणी बसवायला येत. चाल त्यांची स्वतःची. सगळ्यांत लहान मुलीचा श्वास जिथे संपेल, तिथेच ते ओळ तोडत. कॉर्नेटवाला रंगात आला की ओरडत, "अरं, पोरी गात्यात, नवरदेव न्हाय चाललाय!"

माझा आवाज जाड, घोगरा. गाण्याचं वेड तर असं की झोपेतही गुणगुणायची. बाईंनी मला घोळक्यात नुसतं तोंड हलवायला सांगितलं होतं, आणि मी रडू गिळून ते करत होते. एक दिवस आप्पांनी तालीम थांबवली.

"ए पोरी, त्वांड हलतंय, पर दम कुठं घेतीस?"

बाईंनी खरं ते सांगितलं. आप्पांनी मला एकटीला गायला लावलं.

"वाईट न्हाय गं, खालचा हाय," ते म्हणाले आणि तिथल्या तिथे माझ्यासाठी निराळी, खालून चालणारी ओळ बांधली.

गॅदरिंगला घोटाळा झालाच. सगळ्यांनी एका सुरात गायचं, एवढंच आमच्या गावाला ठाऊक. पुढच्या रांगेतून एक वकील उठले, "ती मुलगी बेसूर गातेय, थांबवा तिला!" आप्पांनी मला सोडून सगळ्यांना थांबवलं. स्वतःच्या क्लॅरिनेटवर हळूच माझीच ओळ धरली आणि डोळ्यांनी म्हणाले, गा. मी गायले. मग एकेक मुलगी वरून येऊन मिसळली, आणि वकीलसाहेब आपसूक खाली बसले. त्या दिवसापासून मला कुणी गप्प बसवलं नाही.

पुढे आप्पा बेळगावजवळच्या मच्छ्याला लेकीकडे राहायला गेले. दम्याने क्लॅरिनेट सुटलं होतं. लग्नानंतर मी भेटायला गेले, तर त्यांना माझं नाव आठवेना. मी ती खालची ओळ गायला लागले मात्र, म्हातारा खुदकन हसला आणि वरची ओळ गुणगुणू लागला. मधेच त्यांना धाप लागली. मीही तिथे थांबले, त्यांच्याबरोबर श्वास घेतला आणि पुढे गाऊ लागले. "व्हय, असंच," ते म्हणाले. ती आमची शेवटची भेट.

आता मी मुलींना गाणं शिकवते. ती ओळ आली की त्या जागी थांबते. मला तिथे श्वास लागत नाही, आप्पांना लागतो.