ब्रेकचा पाय

डोळ्यांवर झापड येतेय, आणि जगन्नाथ शेवाळ्यांनी ठरवलंय की ती येऊ द्यायची नाही. सत्तावीस वर्षं गाडीच्या स्टेअरिंगवर काढलेला माणूस, झोपेला कसं हाकलायचं हे त्याला कुणी शिकवायला नको. जीभ चावायची, मान ताठ करायची, एक सणसणीत शिवी हासडायची. पण इथं मान ताठ करणार कशी? गडी टेबलावर पालथा पडलाय. पोटाखाली उशी, तोंड गादीच्या भोकात, आणि भोकातून काय दिसतंय, तर फरशीचा एक चौकोन. हाताला लावलेल्या नळीतून झोपेचं औषध थोडंसंच गेलंय, कारण डॉक्टरबाईंना पेशंट अर्धा जागा हवाय.

“पूर्ण झोपवणार नाही हं, शेवाळे,” अंबर्डेकर मॅडम वरून सांगतायत. “सुई कमरेतल्या नसेपाशी नेलीये. एक फोटो बघते, मग मशीनमधून बारीकसा करंट सोडीन. मुंग्या कुठं येतात ते नीट सांगायचं. नेहमीच्या दुखण्याच्या वाटेनं आल्या तरच सुई बरोबर जागी आहे. मग ठोक्याठोक्यानं लहरी द्यायच्या. नस जाळायची नाहीये, तिचा आरडाओरडा थांबवायचाय.”

“व्हय, मॅडम.”

“आणि पायाला बधिरपणा नाही ना? शेवटचं विचारते.”

“छ्या! पाय एकदम फस्क्लास.”

हे धादांत खोटं आहे. उजव्या पायाचा तळवा दोन वर्षं झाली, शेवाळ्यांचा राहिलेलाच नाही. चप्पल निसटून मागं राहिली तरी चार पावलांनी कळतं, तेही खाली बघितल्यावर. तपासणीच्या दिवशी मॅडमनी डोळे मिटायला सांगून टाचणी टोचली होती. पण ड्रायव्हरची जात, आरशात बघितल्याशिवाय त्याला चैन कुठलं? समोर काचेचं कपाट होतं. डोळे किलकिले ठेवून शेवाळे त्या काचेत बघत राहिले, आणि टाचणी टेकली की ‘कळली, कळली’ म्हणत गेले. मॅडमनी कागदावर बरोबरची खूण केली आणि शेवाळे मनातल्या मनात मिशीवर ताव देत बाहेर आले.

कारण काय, तर निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. कंबर बरी झाली की पहिल्या तारखेला फिटचा कागद घेऊन डेपोत जायचं आणि गाडी घ्यायची. पायाचं नाव निघालं तर स्टेअरिंग गेलंच. मग डेपोच्या गेटवर स्टूल टाकून बसायचं, आणि कालची पोरं गाड्या घेऊन निघाली की वहीत त्यांचे नंबर लिहायचे. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची.

फरशीचा चौकोन सरकतोय. आधी हळू, मग भराभर सरकतोय, आणि त्याच्यावर पांढरे पट्टे येतायत. शेवाळे ओळखतात, हा तर आंबेखिंडीचा रस्ता. ते स्टेअरिंगवर आहेत. पालथेच आहेत, पण स्टेअरिंग बरोबर हातात आहे, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. गाडी खिंडीच्या तोंडाशी उभी राहिलीय, पुढं घाट. आरशात चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस सीट भरलेल्या दिसतायत, आणि सगळे प्रवासी दवाखान्याच्या हिरव्या झग्यात, पाठीला नाड्या बांधलेले. एक बाई कोंबडी घेऊन बसलीय. कोंबडीलाही झगा आहे.

शेवाळे गिअर टाकतात आणि बेलची वाट बघतात. कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा सत्तावीस वर्षांचा नेम आहे. बेल येत नाही.

“बेल दे की, मास्तर!” ते ओरडतात.

“न्हाय देत,” मागून आवाज येतो.

शेवाळ्यांच्या पोटात लख्ख आनंद होतो. हा आवाज कासम मुलाण्याचा. सोळा वर्षं एका गाडीवरचा जोडीदार, दीड वर्षापूर्वी छातीत कळ येऊन गेलेला. शेवाळ्यांनी स्वतः त्याला खांदा दिला होता, त्याच्यावर माती लोटली होती. आणि हा बघा, खाकी कपड्यात, कानावर पेन्सिल, पोट होतं तेवढंच.

“मास्तर! लेका, तू तर मेलायस!”

“मग? मेलेल्या माणसानं ड्युटी करू न्हाय?” मुलाणी म्हणतो. “उतर खाली. च्या पिऊ.”

ते कॅन्टीनमध्ये बसलेत. कॅन्टीन नेहमीचंच आहे, फक्त टेबलाच्या जागी दवाखान्याची खाट आहे आणि भिंतीवर गाड्यांच्या वेळांऐवजी कुणाच्या तरी मणक्यांचा एक्स-रे लावलाय. मुलाणी बशीत चहा ओततो आणि फुंकर घालून भुरका मारतो. शेवाळे त्याच्याकडे बघत बसतात. त्यांना रडू येतंय, आणि हसूही येतंय.

“कंबर कशी हाय?”

“आज बरी हुतीया. सुई घातलीया. डॉक्टर बाई हुशार हाय.”

“बाई हुशार हाय, पर गिऱ्हाईक चोर हाय,” मुलाणी बशी खाली ठेवतो. “त्या म्हशीचं काय झालं?”

“कुठली म्हैस?”

“इसरलास? माझ्याकडं येऊन रोज इचारतीया, मुलाणीभाऊ, मी कवा आडवी आले वो?”

शेवाळे विसरलेले नाहीत. म्हैस नव्हतीच. घाटातल्या तिसऱ्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला होता, म्हणजे दाबला असं त्यांना वाटलं होतं. पाय पेडलवर नव्हताच, शेजारी नुसता टेकलेला होता. खाली बघून पाय उचलेस्तोवर गाडी कठड्याला घासत गेली होती. एका म्हातारीच्या कपाळाला पाच टाके पडले. कठड्याच्या पलीकडं काय होतं, ते दोघांनी बघितलं होतं आणि दोघंही त्यावर पुन्हा कधी बोलले नव्हते. रिपोर्टात मुलाण्यानं आपल्या हातानं लिहिलं, म्हैस आडवी आली. महिन्याभरात तो गेला.

“तू माझ्यासाठी लिवलंस त्ये,” शेवाळे हळूच म्हणतात. “तुझं उपकार हायेत.”

“उपकार कसलं, गाढवपणा केला मी. दोस्तीत केला. मरताना मला माझी पोरं आठवायची सोडून ती म्हातारी दिसली, ठावं हाय?” मुलाण्याचा आवाज चढत नाही, पण शेवाळ्यांना त्याच्याकडं बघवत नाही. “आता परत कुणाला म्हैस लिवाय सांगणार? मी तर आता लिवाय येणार न्हाय.”

“अरं, पाय बरा हाय आता. कंबर सुधारली की पाय आपोआप...”

“बरा हाय? हितं ठेव.”

पाय खाटेवर आहे. खाट गाडीच्या लांब मागच्या सीटएवढी झालीय, आणि खिडकीबाहेर घाटाचा कठडा हळूहळू सरकतोय, गाडी उभी असूनसुद्धा. मुलाणी कानावरची पेन्सिल काढतो, तीच जुनी, जिभेला लावली की जांभळी उमटणारी. हिशेबाच्या कागदावर तिचं लिहिलेलं कधी पुसलं जायचं नाही, आणि मुलाण्याची जीभ बारा महिने जांभळी असायची.

“डोळं मीट. हितं काचेचं कपाट न्हाय. पेन्सिल टेकली की सांग.”

शेवाळे डोळे मिटतात. स्वप्नात डोळे मिटल्यावर खरोखरच अंधार होतो, हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं. थोडा वेळ जातो. ड्रायव्हर माणसाला अंदाज असतो. ते अंदाज बांधतात.

“टेकली,” ते ठासून सांगतात. “टाचंपाशी.”

“पेन्सिल अजून माझ्या तोंडात हाय,” मुलाणी म्हणतो.

मागं बसलेली कोंबडी तेवढी कॉक-कॉक करते. बाकी गाडीभर कुणी हसत नाही. हसले असते तर शेवाळ्यांना बरं वाटलं असतं.

“आता?”

शेवाळे कान देतात, पायाला कान असल्यासारखे. काहीच नाही. पार पलीकडच्या गावाहून यावं तसंही काही येत नाही. त्यांना पहिल्यांदाच भीती वाटते. दुखण्याची भीती त्यांना कधी वाटली नव्हती. दुखणं ओरडतं, शिव्या देतं, रात्री उठवून बसवतं, पण निदान आहे म्हणून सांगतं. हा तळवा काही बोलतच नाही.

“न्हाय,” ते म्हणतात. “काय बी न्हाय, कासम.”

सोळा वर्षांत त्यांनी मुलाण्याला नावानं कधी हाक मारली नव्हती.

“टाचेपासनं अंगठ्यापातूर रेघ वढली मी. चांगली दाबून,” मुलाणी म्हणतो, आणि आता त्याचा आवाज मऊ झालाय. “लेका, तुझ्यासारखा ड्रायव्हर डेपोत झाला न्हाय. तुझ्या गाडीत मी डोळं मिटून तिकिटं फाडली. म्हणून सांगतो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतंय व्हय? त्या बाईला खरं सांग. न्हायतर ती ज्या नसंला समजावतीया ती निराळी, आणि पेटलीया ती निराळी.”

“आणि गेटवर बसू? वही घिऊन?”

“बस की. बसणाऱ्याला कोण मारतंय? गेटातनं गाडी सोडायच्या आधी ब्रेक बघून सोड. तुझ्याइतकं ब्रेकचं कुणाला कळतंय?”

“तू बेल दे, मास्तर. एकदाच. मी हळू नेतो, पहिल्या गिअरमध्ये.”

“न्हाय.”

“मास्तर...”

“चव्वेचाळीस माणसं हायेत, लेका. मी न्हाय देणार.”

मुलाणी दार उघडून खाली उतरतो. खाली घाट नाही, फरशी आहे, आणि ती फरशी थांबलेली आहे.

“शेवाळे! शेवाळे, ऐकू येतंय?”

“हां. हां, मॅडम.”

“करंट सोडलाय. मुंग्या येतायत?”

येतायत. मांडीच्या बाहेरून नडगीवर, बारीक बारीक. दुखणं तिकडून कधी गेलेलंच नाही. ते मागून जातं, पोटरीतून टाचेत, आणि टाचेशी आलं की गप्प होतं. पण एक ‘हो’ म्हटलं की सगळं उरकतं. अर्ध्या तासात घरी, पहिल्या तारखेला डेपोत. त्यांच्या तोंडात ‘हो’ तयार आहे.

“सिस्टर, पायावरची चादर काढा. हालचाल बघायचीय,” मॅडम म्हणतात. चादर सरकते.

“हे काय आहे?” मॅडमचा आवाज पायांकडून येतो. “तळव्यावर ही रेघ कसली? आपला मार्कर तर काळा आहे.”

“मॅडम, सकाळी मीच दोन्ही पाय स्पिरिटनं पुसलेत,” सिस्टर म्हणते. “तेव्हा काही नव्हतं. हे जांभळं आहे. पुसलं पण जात नाहीये.”

“शेवाळे, टाचेपासून अंगठ्यापर्यंत कुणी रेघ ओढलीय तुमच्या पायावर. एवढी दाबून ओढलीय. कुणी ओढली?”

भोकातून फरशीचा चौकोन दिसतोय, आणि त्याच्यावर टपकन एक थेंब पडतो. शेवाळ्यांना आपण रडतोय याची लाज वाटत नाही. नातवानं ओढली असंल, हे उत्तर त्यांना सुचतं, आणि चांगलं बेतशीर उत्तर आहे ते, म्हशीसारखंच.

“कुणी ओढली त्ये सांगितलं तर तुमी मला येड्यात काढाल,” ते म्हणतात. आवाज घाटात गाडी उतरवताना असायचा तसाच खणखणीत निघतो. “पर वढताना मला कळलं न्हाय, मॅडम. त्या तळव्याला दोन वर्सं काय बी कळत न्हाय. टाचणीच्या येळंला मी कपाटाच्या काचंत बघत हुतो. मुंग्या बी भलतीकडं आल्यात. माझं दुखणं मागनं उतरतंय, टाचंत. सुई काढा आणि नीट बघून घाला.”

मॅडमचा हात त्या पायावर येत असेल, दाबत असेल. शेवाळ्यांना ते फक्त अंदाजानं कळतं, आणि या वेळी ते अंदाज सांगत नाहीत.

“आणि फिटच्या कागदावर काय लिवायचं त्ये आत्ताच लिवा,” ते म्हणतात. “उजवा हाय त्यो. ब्रेकचा पाय.”