गोडबोल्या, खडूस आणि तांबटाची ढोली

सल्ला देणं हा माझा जुना आजार आहे. फ्रिज कुठला घ्यावा, गुडघ्याला कुठलं तेल लावावं, मुलाला सायन्सला घालावं की कॉमर्सला, मला सगळं माहीत असतं. कुणी विचारलं नाही तरी मी सांगते, आणि विचारलंच तर विचारणाऱ्याची वाट लागली म्हणून समजा. त्यामुळे काही वर्षांपूर्वी आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली माझी जिवाभावाची मैत्रीण जिन्यात भेटून म्हणाली, "अगं, मला कॅमेरा घ्यायचाय. मोठा, लेन्सवाला," तेव्हा माझ्या अंगातच आलं.

"कशाला?" मी विचारलं.

"पक्ष्यांचे फोटो काढायचेत."

मी हसले. अगदी मोठ्याने. "पक्षी? तू? तू घरातून निघणार कधी आणि पक्षी बघणार कधी?"

तीही हसली. तिच्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडल्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं आणि त्या अंथरुणावरच होत्या. हिला तासाभराच्या वर घर सोडता यायचं नाही. भाजी आणायला गेली तरी डोळा घड्याळाकडे. पण ती पहिल्या मजल्यावर राहते आणि तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेवग्याचं झाड आहे. त्या झाडावर काय काय येतं ते ती मला अधूनमधून सांगायची. मी 'हो का' म्हणायचे आणि विषय माझ्या ऑफिसवर आणायचे.

तर मी कामाला लागले. विमा कंपनीत वीस वर्षं लोकांचे दावे तपासलेली बाई मी, माझ्यापुढे कॅमेरे काय चीज! आठवडाभर रिव्ह्यू वाचले, व्हिडिओ बघितले, नवऱ्याला जेवताना 'शटर स्पीड' समजावून सांगितला. त्याने वरण वाढून घेतलं. शेवटी दोन कॅमेरे उरले. दोन्ही नवशिक्यांसाठीचे, दोन्ही साधारण एकाच किमतीचे, दोन वेगळ्या कंपन्यांचे. तोवर हे सगळं वाचून वाचून मलाच कॅमेऱ्याचं वेड लागलं होतं. आता दोघीही घेणार होतो.

अंधेरीला माझ्या ऑफिसजवळ कॅमेरे भाड्याने देणारं एक दुकान होतं. मी दोन्ही कॅमेरे आणि त्यांच्या लांब लेन्स रविवारपुरत्या घेऊन आले. तिच्या नवऱ्याला सुट्टी होती, तेव्हा सासूबाईंपाशी तो बसला.

निघण्याआधी पहिली परीक्षा माणसांची. सासूबाईंनी पलंगावरूनच केस सारखे केले, पदर घेतला. पहिल्या कॅमेऱ्याने त्यांना अशी काही तकाकी आणली की म्हातारी खूश. "बघ गं, मी अजून बरी दिसते." दुसऱ्याने मात्र सुरकुती न सुरकुती मोजून दाखवली. मग मी माझा काढायला लावला. पहिल्यात मी मुलीच्या लग्नात मिरवणारी आई, दुसऱ्यात वीजबिलाची तक्रार घेऊन आलेली बाई. तिथल्या तिथे मी त्यांची नावं ठेवली, गोडबोल्या आणि खडूस. गोडबोल्याचे रंग उबदार, बटणं सोपी, मागच्या पडद्यावर बघत बघत चेहरा पटकन फोकस व्हायचा. घरगुती समारंभाला एकदम फिट.

दुसरी परीक्षा भांडुपच्या खाडीजवळ, पक्ष्यांची. इथे खडूस बाजी मारून गेला. बटण दाबून धरलं की फटाफट फोटो काढायचा आणि झाडाच्या सावलीत बसलेल्या पक्ष्याची पिसंही उजळून दाखवायचा. हे मला नंतर घरी कळलं, कारण तिथे मला एकही पक्षी मिळाला नाही. मी बोलत होते ना. एका बगळ्याने माझं अर्धं वाक्य ऐकलं आणि तो उठून गेला.

"गप्प बस ना जरा," मैत्रीण कुजबुजली. खडूस तिच्या हातात होता. तारेवर खंड्या बसला होता, निळा, लांब चोचीचा. ती श्वास रोखून उभी राहिली, किती वेळ कोण जाणे, मला तर पायाला मुंग्या आल्या. मग तिने बटण दाबलं. पडद्यावर बघितलं आणि बघतच राहिली.

"हा झकास आहे गं," ती म्हणाली. "मी हाच घेते."

आणि मी, दीडशहाणी, तिच्या हातातून तो कॅमेरा काढून घेतला. म्हटलं, "असं भावनेच्या भरात नाही ठरवायचं. आधी तक्ता करू."

तक्ता केला. बावीस रकाने होते त्यात. वजन, बॅटरी, रंग, सावलीतले तपशील, सगळ्याला गुण. आणि तळाला माझा निकाल: तू गोडबोल्या घे, मी खडूस घेते. कारणंही दिली मी. "तुझ्याभोवती सदा माणसंच असतात. मी काय, शनिवार-रविवार मोकळी, मी खाडीवर जाऊ शकते. आणि दोन वेगळे घेतले की आपल्याकडे दोन्ही झाले ना! लेन्स अदलाबदल करू. लांबवाली मी घेते, तुला लागेल तेव्हा ने."

"बरं," ती म्हणाली. ती नेहमीच बरं म्हणते. त्या वेळी मला वाटलं, आपलं म्हणणं पटलं हिला.

कॅमेरे आले. मी मिरवत तिच्याकडे गेले, माझी लांब लेन्स तिच्या गोडबोल्याला लावायला घेतली. बसेना. फिरवली, दाबली, उलटी धरली. "जोर लाव की जरा," मी तिलाच ओरडले. शेवटी दुकानात फोन लावला. पलीकडचा माणूस हसू दाबत म्हणाला, "मॅडम, दोन कंपन्यांची तोंडं वेगळी असतात. याची लेन्स त्याला नाही बसत." कॅमेरा घेणाऱ्या शाळकरी पोरालाही माहीत असतं म्हणे हे. माझ्या तक्त्यात बावीस रकाने होते, फक्त हा नव्हता. मी अर्थातच चूक कबूल केली नाही. म्हटलं, "अरेच्चा, म्हणजे प्रत्येकीला आपापली स्टाईल डेव्हलप करावी लागेल."

तिची स्टाईल सोसायटीनेच डेव्हलप केली. घरात कॅमेरा आहे कळल्यावर कुणाचं बोरन्हाण, कुणाचं डोहाळजेवण, लगेच हिला बोलावणं. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे, गोळ्या ओततात ना, ते सगळं दोन सेकंदांत उरकतं आणि बाकीची पोरं तुटून पडतात. त्या दोन सेकंदांसाठी ही गुडघ्यावर बसलेली, काठापदराची साडी सावरत. घाईघाईने जायची, फोटो काढायची आणि ताट न वाढून घेता सासूबाईंकडे पळायची. फोटो सुंदर यायचे. मी सगळ्यांना सांगायचे, "बघा, मीच सुचवला हा कॅमेरा."

आणि माझे पक्षी? माझ्याकडे मुंबईच्या उपनगरांतल्या रिकाम्या फांद्यांचा मोठा संग्रह आहे. फांदी अगदी शार्प.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला ती एक दिवस धावत वर माझ्याकडे आली. पीठ लागलेले हात तसेच. "अगं, माझ्या शेवग्याच्या वाळक्या फांदीत तांबटाने ढोली केलीय!" तांबट म्हणजे तो चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर लाल टिळा. दिसत नाही सहसा, पण भांड्याला ठोके मारावेत तसा दिवसभर टुक-टुक-टुक करत बसतो. ती लग्न होऊन आल्यापासून तो आवाज ऐकत होती. आता खिडकीसमोरच त्याचा संसार थाटला होता. फांदीतून भुसा पडताना तिने पहिल्यांदा बघितला, तेव्हापासून ती सगळं बघत होती. नर-मादी आळीपाळीने आत कधी बसतात, पिल्लांचा आवाज कधी सुरू झाला, उंबरं कोण आणतं, सगळं पाठ. सासूबाईंना अंघोळ घालतानाही तिचा कान खिडकीकडे असायचा.

आणि एका शुक्रवारी तिचा फोन आला. "पिल्लू डोकं बाहेर काढतंय गं! एक-दोन दिवसांत उडतील बघ. माझ्या लेन्समध्ये मुगाच्या दाण्याएवढं दिसतंय. तुझा कॅमेरा देशील? दोनच दिवस."

साधी गोष्ट होती. 'ने' म्हणायचं. पण मी काय म्हणाले? "अगं, तुला त्याची सेटिंग्ज नाही जमायची. काहीतरी बिघडवून ठेवशील. थांब, रविवारी सकाळी मीच येते. मस्त काढून देते तुला."

"बरं," ती म्हणाली.

रविवारी सातला मी हजर. ओट्याशेजारचं स्टूल खिडकीपाशी ओढलं, कॅमेरा गजांमधून रोखला आणि ठाण मांडलं. नऊपर्यंत हलले नाही. खरं सांगते, इतकं छान मला कधीच जमलं नव्हतं, कारण ती मागून सांगत होती. "आता येईल बघ, डावीकडून." की यायची. "आता चारा देईल." की द्यायची. मला फक्त बटण दाबायचं होतं. मधे तिने चहा दिला, तो मी न बघताच घेतला. एकदा ती अगदी जवळ येऊन हळूच म्हणाली, "मी एक काढू?"

"थांब थांब, हलू नको, आत्ता लाइट काय आलाय यार!" मी म्हणाले.

ती थांबली. मग आतून सासूबाईंनी हाक मारली आणि ती गेली.

चारशेच्या वर फोटो काढले मी. त्यात एक असा आला की माझा माझ्यावर विश्वास बसेना. ढोलीतून डोकं काढलेलं पिल्लू, अजून कपाळावर टिळा न उमटलेलं, आणि समोर चोचीत लालभडक उंबर धरलेली आई. सोमवारी दुपारी पिल्लं उडाली. तिचा मेसेज आला, "गेली." मी उत्तरादाखल अंगठा पाठवला, कारण मी तोच फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकण्यात गुंतले होते. वाहवा आली. कुणीतरी 'आर्टिस्ट' म्हणालं. माझ्या डोक्यात जी हवा गेली! फोटो मोठा करून घेतला, काळी फ्रेम केली, खालच्या कोपऱ्यात बारीक तिरप्या अक्षरांत माझं नाव टाकलं आणि एका संध्याकाळी, मोठ्या थाटात, तिला भेट द्यायला गेले.

ती कणीक मळत होती. हात धुऊन तिने फ्रेम घेतली, नीट बघितली.

"छान आलाय," ती म्हणाली.

"छान? अगं, एवढंच? इतके दिवस तुला हवा होता ना हा फोटो?"

"मला फोटो नको होता गं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. "मला काढायचा होता."

कसंनुसं हसत मी म्हणाले, "मग सांगायचं ना तसं. मी दिला असता."

"विचारलं होतं मी. फोनवर विचारलं. मग तू इथे बसली होतीस तेव्हा विचारलं." तिने फ्रेम फ्रिजवर भिंतीला टेकवून ठेवली आणि परातीकडे वळली. "त्या दिवशी ह्यांना मुद्दाम सांगितलं होतं, दोन तास आईंकडे तुम्ही बघा. हाक आली तर तुम्ही जा. कणीकही रात्रीच भिजवून ठेवली होती. हात कोरडे असावेत म्हणून. मला वाटलं, एकदा तरी वळून म्हणशील, ये, तू बस."

"पण त्यांनी हाक मारली तेव्हा तूच गेलीस की," मी म्हणाले. अजूनही भांडतच होते मी.

"हो," ती म्हणाली. "तोपर्यंत कळलं होतं मला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही मला राग आला, कारण रडायचा हक्क तिचा होता. ती शांतपणे कणकेला तेलाचा हात लावत होती. दोन तास मी तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच स्टुलावर, तिच्याच पक्ष्याकडे तोंड करून बसले होते. आणि माझ्या पाठीमागे ती कोरडे हात घेऊन उभी होती.