चाकामागचा ठोकळा

बस मागे सरकायला लागली तेव्हा चाकामागचा लाकडी ठोकळा माझ्या हातात होता आणि सात वर्षांची नात बसच्या वरच्या मजल्यावर.

"आजी, वी आर मूव्हिंग!" ती खिडकीतून हसत ओरडली. तिला वाटलं, बाबा चालवतोय. बाबा, म्हणजे माझा मुलगा, नारळ आणायला घरात गेला होता.

ठोकळा मीच काढला. नव्या गाडीच्या चारही चाकांखाली लिंबू ठेवायचं असतं. मागच्या चाकाशी लिंबाला जागाच नव्हती. मुलाने सकाळीच बजावलं होतं, "आई, ठोकळ्याला हात लावू नकोस. हँडब्रेक सैल आहे." मी हो म्हटलं होतं.

आणि नवी म्हणजे तरी काय! मी चौथीत शाळा सोडली तेव्हा ही आयर्लंडमध्ये माणसं वाहत होती. मग शिकाऊ ड्रायव्हरांनी तिच्यावर हात बसवला. मग कुणी तिच्यात बटाटे तळून विकले. मग जहाजाने अमेरिकेत. आता फ्रीमाँटमध्ये आमच्या लोकांच्या वराती नेणार.

"माझ्यापेक्षा जास्त कामं केलीत हिने," मी म्हटलं होतं.

"तुझ्याइतकी कुरकुरते पण," मुलगा म्हणाला होता.

आमचा रस्ता टेकडीचा, खाली चौक. मुलगा नारळ टाकून धावला तो डाव्या बाजूला. इथल्या गाड्यांची सवय. या बसला तिकडे ड्रायव्हरची जागाच नाही, नुसतं इंजिन.

"गाढवा, उजवीकडे! आपल्या एसटीसारखं!"

तो वळसा घालून चढला, ब्रेकवर उभाच राहिला. चौकाच्या अलीकडे एका पत्रपेटीवर आपटून बस थांबली. वरून हसू येत नव्हतं. मग रडणं आलं, तेव्हा मी श्वास घेतला.

मुलगा उतरला. "ठोकळा कुठाय?"

मी हात पुढे केला.

"लिंबाने बस थांबते का गं, आई?"

"नाही थांबत."

त्याने ठोकळा घेतला आणि चाकामागे बसवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. आता त्याने चारही चाकांना ठोकळे लावलेत. चहा अर्धा टाकून मी बाहेर जाते, ते पायाने दाबून बघते, आत येते, पुन्हा जाते. सून म्हणते, "आई, बसा ना जरा." बसवत नाही.

त्या दिवशी बसमध्ये नात एकटी होती, अख्खी वरात नव्हती. कपाळाला टेंगूळ आलं. ती वाचली.